पतिपत्नींमधील नाताळची भेट

नाताळचा सण जवळ आला म्हणजे आपल्या ख्रिस्ती घरांतून लगबग सुरू होते. भिंतींना रंग लागतो, करंज्या-लाडवांचे सामान जमविले जाते, मुलांसाठी नवे कपडे शिवावयास टाकले जातात. पाळकसाहेबांसाठी, पाहुण्यांसाठी व गोरगरिबांसाठी काही ना काही बाजूला काढून ठेवले जाते. या सर्व गडबडीत एका माणसाचा मात्र विसर पडतो. ते माणूस म्हणजे आपल्या चुलीशी बसलेली आपली पत्नी, अगर तिच्या हातची भाकरी खाऊन कामावर जाणारा तिचा पती. त्यांना भेट द्यावी असे कोणी सुचविले, तर पुष्कळ गृहस्थ हसून म्हणतात, "अहो, घर एक, पेटी एक. या हातचे त्या हाती केले, त्यात देणे कसले आणि घेणे कसले?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दोघांचे सर्व काही एक असेल, तर एकाने दुसऱ्यास काय द्यावे? याचे उत्तर नीट सापडले, तर नाताळच्या भेटीचाच नव्हे, तर संसाराचाही थोडाफार उलगडा होईल.

प्रथम पेटीचा विचार करू. पेटी एक असली तरी तिची किल्ली कोणाच्या कमरेला असते, हे आपण जाणतोच. १८७४ सालच्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने पत्नीने स्वतःच्या धंद्यात अगर नोकरीत मिळविलेली कमाई तिची स्वतंत्र मालमत्ता ठरविली, व ख्रिस्ती स्त्रियांना तो कायदा लागू आहे. इतकी वर्षे लोटली, तरी कोंबड्यांची अंडी विकून अगर खुरपणीस जाऊन आणलेली मजुरी पुष्कळ घरांत न बोलता पतीच्या हाती जाते. मग सणाच्या दिवशी त्याच पैशातून त्याने लुगडे आणले व "तुला भेट दिली" असे म्हटले, तर ती भेट म्हणावी की तिचेच तिला परत करणे म्हणावे? ज्याला खरोखर द्यावयाचे आहे, त्याने आधी समोरच्याचे जे आहे ते त्याचे म्हणून मान्य केले पाहिजे. भेटीची पहिली पायरी न्याय ही आहे.

आता कोणी म्हणेल, "आमच्या घरी न्याय आहे, दोघांच्या विचाराने पैसा खर्च होतो. मग आम्ही काय द्यावे?" याचे उत्तर असे की, पैसा समाईक असतो, परंतु प्रत्येकाचा विसावा, त्याचे श्रम व त्याचे लक्ष ही समाईक नसतात. दिवसभर राबून आल्यावर जी अर्धी घटका आपल्या वाट्याला येते, ती आपली असते. ती दुसऱ्यासाठी खर्च केली, तर आपल्याजवळचे खरोखर काही कमी झाले व दुसऱ्यास खरोखर काही मिळाले. हातांनी केलेल्या वस्तूचे मोल यातच आहे. बाजारातील वस्तूवर किंमत लिहिलेली असते; हाताने केलेल्या वस्तूत दिलेला वेळ असतो, व तो परत मिळत नाही.

शमुवेलाची आई हन्ना हिची गोष्ट आपणांस पाठ आहे. मुलगा शिलो येथे परमेश्वराच्या सेवेस दिलेला. ती त्याच्यासाठी दर वर्षी एक लहानसा झगा करून नेत असे. या साध्या वाक्यात केवढा विचार भरला आहे! मूल दृष्टीआड होते. गेल्या वर्षात ते किती वाढले असेल, खांदे किती रुंद झाले असतील, याचा अंदाज बांधल्यावाचून तिला कापडास कात्री लावता येत नव्हती. म्हणजे झगा शिवणे हे मुलाचे चिंतन करणेच होते. पती व पत्नी तर एका छपराखाली राहतात; तरी एकमेकांकडे इतके निरखून पाहणारी जोडपी किती सापडतील?

हे पाहणे कसे असते, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, एक उपदेशक पायी खेडोपाडी फिरतो. पावसात त्याचे शास्त्र भिजते, पिशवीचा बंद खांद्याला काचतो. तो तक्रार करीत नाही. परंतु पत्नी कपडे धुताना सदऱ्याच्या खांद्यावरची झिजलेली जागा पाहते, आणि जुन्या जाड कापडाची, आत मेणकापड लावलेली, रुंद पट्ट्याची पिशवी तो घरी नसताना शिवून ठेवते. इकडे तिची दृष्टी मंद होत चालली आहे. रात्रीच्या उपासनेत ती पुस्तक दूर धरते, मग मिटून ठेवते व पाठ आहे तेवढेच म्हणते. तो हे पाहतो, आणि तिच्या आवडीची चार स्तोत्रे कोऱ्या वहीत बोटभर उंचीच्या अक्षरांनी उतरून काढतो. या दोन्ही भेटींना फारसा पैसा लागला नाही. पण दोघांनीही एकमेकांस "मी तुला पाहिले" असे शब्दांवाचून सांगितले.

तथापि हाताने केलेले तेवढेच चांगले, असाही हट्ट नसावा. त्या बाईला चष्म्याची गरज असेल, तर सुंदर अक्षरांची वही देऊन चष्मा टाळणे हे प्रेम नव्हे. तिला तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे घेऊन जाणे, व त्या दिवशी घरचे पाणी व मुले आपण सांभाळण्याची तजवीज करणे, हीच तेथे खरी भेट. तसेच पत्नीस मोठे पातेले आणून "हे तुला" म्हणणाऱ्याने थोडे थांबावे. त्या पातेल्यात कोण रांधणार व कोण जेवणार? जी वस्तू घेणाऱ्याचे काम वाढविते व देणाऱ्याचे सुख वाढविते, ती भेट उलट्या दिशेने चालली आहे. मग कर्ज काढून आणलेल्या वस्तूविषयी तर काय सांगावे? तिचे हप्ते पुढे घेणाऱ्यालाच उपाशी राहून फेडावे लागतात.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो, व तो सूक्ष्म आहे. भेट अकस्मात हाती पडावी, म्हणून ती लपवून करावी लागते. पण पतिपत्नींनी एकमेकांपासून काही लपवावे काय? हननिया व सप्पीरा या जोडप्याची गोष्ट वाचून आपण भितो. लपविणे किती भयंकर ठरू शकते ते तेथे दिसते. परंतु बारकाईने पाहा. त्या दोघांनी काही भाग मागे ठेवला व सगळेच दिल्याचे सोंग केले. थोडे देऊन पुष्कळाचा मान घ्यावयाचा होता. ते झाकलेले कधी उघडावे, अशी त्यांची इच्छाच नव्हती. भेट लपविणाराची इच्छा याच्या नेमकी उलट असते. तो उघड करण्यासाठीच झाकतो. म्हणून कसोटी अशी लावावी : हे गुपित उद्या माझ्या हातूनच उघड होणार आहे काय? आणि ते उघडल्यावर माझ्या माणसाचा माझ्यावरील विश्वास वाढेल की कमी होईल? विश्वास वाढणार असेल, तर ते गुपित निर्दोष आहे. तरीही त्यासाठी खोटे बोलू नये. "काय करता आहा?" असे विचारल्यास "नाताळास सांगेन" एवढे उत्तर पुरे, त्याने आनंदाला बाध येत नाही, उलट वाट पाहण्याची गोडी वाढते.

ओ. हेन्री या अमेरिकन लेखकाची १९०५ साली प्रसिद्ध झालेली, मागी लोकांच्या भेटीचे नाव दिलेली एक कथा जगभर वाचली जाते. गरीब तरुण जोडपे. पत्नी आपले लांब केस विकून पतीच्या घड्याळासाठी साखळी आणते. पती तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी फण्या आणतो. दोन्ही वस्तू त्या दिवशी निरुपयोगी ठरतात. व्यवहारी मनुष्य म्हणेल, "आधी विचारले असते, तर हे नुकसान झाले नसते." हे खरे आहे, व त्यातून शिकावे, न विचारता मोलाची वस्तू मोडू नये. पण तेवढेच शिकलो तर कथा वाया गेली. फणी व साखळी व्यर्थ झाल्या, तरी दोघांना जे कळले ते व्यर्थ झाले नाही : आपल्या सर्वांत प्रिय वस्तूहून आपण दुसऱ्यास अधिक प्रिय आहो.

आपल्या मराठी मंडळीतही याहून थोर उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या वार्धक्यात ते हाती घेतले व अध्यायामागून अध्याय रचून पूर्णतेस नेले. पतीने ज्याची सुरुवात केली, त्याची त्याला किती तळमळ होती, हे पत्नीने पाहिले होते. ज्याच्यासाठी श्रम केले, तो पाहावयास नाही, आभार मानावयास नाही, परतफेड करावयास नाही. या श्रमाला भेट म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

तेव्हा वाचकहो, पेटी एक आहे म्हणून आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही, असे कोणी म्हणू नये. नाताळास अद्याप काही दिवस आहेत. सुई कोठे आहे, करवत कोठे आहे, ते मागाहून शोधावे. आज संध्याकाळी दिवा लागल्यावर समोर बसलेल्या आपल्या माणसाकडे एकदा नीट पाहावे : हाताला भेगा कोठे पडल्या आहेत, कोणते काम करताना पाठ धरते, कोणते गाणे अर्धवट आठवते. जे दिसेल ते मनात ठेवावे, व उद्यापासून गुपचूप कामाला लागावे.