मूलपेशींची आशा आणि तिचा बाजार

आपल्या रक्तातली एक तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. आहे तेवढं रक्त टिकवायचं तर शरीराला दर सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी घडवाव्या लागतात. हे काम हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत चालतं, आणि त्याच्या मुळाशी असतात मोजक्याच मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल. घरात रोजच्या दह्यातून चमचाभर विरजण बाजूला राहतं म्हणून उद्याचं दही लागतं. मूलपेशीही तशीच रक्त घडवता घडवता स्वतःलाही शिल्लक ठेवते.

1961 मध्ये टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककलॉक यांनी किरणोत्सर्गाने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. काही दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर बारीक गाठी दिसल्या. यातली एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे पुढे सिद्ध झालं. माणसावर हा उपचार करण्याची खटपट अमेरिकेत डॉनल थॉमस 1950 च्या दशकापासून करत होते. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले, तरी त्यांनी काम सोडलं नाही. 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भारतात मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या चमूने 1983 मध्ये पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण केलं.

प्रत्यारोपण म्हटलं की ऑपरेशन थिएटर डोळ्यांपुढे येतं, पण इथे तसं काहीच नसतं. आधी जबर केमो देऊन रुग्णाची बिघडलेली मज्जा संपवतात. मग ‘डे झिरो’ला पलंगाशेजारी रक्ताच्या पिशवीसारखीच एक पिशवी लटकते आणि दात्याच्या पेशी नळीतून शिरेत उतरतात. हाडापर्यंतची वाट त्या स्वतःच शोधतात. त्यानंतरचे दोन ते चार आठवडे फार कठीण. रुग्णाला स्वतःची प्रतिकारशक्ती उरलेली नसते, साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. बाहेर थांबलेले नातेवाईक रोज सकाळी एकच विचारतात, ‘काउंट आले का?’ पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल सलग तीन दिवस 500 च्या वर राहिले, की नवी मज्जा रुजली असं डॉक्टर मानतात. तरीही धोका संपत नाही. दात्याच्या पेशी रुग्णाची त्वचा, आतडी, यकृत परकं समजून त्यांच्यावर हल्ला चढवू शकतात. पण थॅलेसेमियाच्या ज्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्याची या वाटेने त्यातून कायमची सुटका होऊ शकते.

मग मूलपेशींच्या नावावर बाकी जे विकलं जातं, त्याचं काय? बाळंतपणाच्या तोंडावर आईबापांना सांगतात की नाळेतलं रक्त साठवा, बाळाला पुढे उपयोगी पडेल. नाळेतल्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण 1988 मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी केलं. फॅन्कोनी अॅनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या त्या मुलाला जे रक्त मिळालं, ते त्याच्या नवजात बहिणीचं होतं. स्वतःच्या नाळेतल्या पेशींमध्ये तोच जनुकीय दोष असता. थॅलेसेमियाचंही तसंच. स्वतःसाठी म्हणून हे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. घरात आधीच असं आजारी भावंड असेल तर गोष्ट वेगळी.

याहून जास्त चीड येते ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा यांवर इंजेक्शनं विकणाऱ्यांची. रक्त रोज नव्याने घडतं. मेंदू तसा घडत नाही. पोटाच्या चरबीतल्या किंवा मज्जेतल्या पेशी पाठीच्या कण्यात टोचल्या म्हणून त्यांचे मज्जातंतू होत नाहीत. त्याच सूचनांनुसार रक्ताचे काही आजार वगळता मूलपेशींचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तरी लोक या इंजेक्शनांसाठी दागिने मोडतात, जमीन विकतात.

खऱ्या संशोधनाची चाल कशी असते, ते जपानमध्ये पाहावं. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या साध्या पेशी पुन्हा भ्रूणावस्थेसारख्या करून दाखवल्या. 2014 मध्ये कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या चमूने अशाच पेशींपासून वाढवलेला पडदा एका वृद्धेच्या डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा त्यांनी तो पडदा वापरलाच नाही. माझ्या मते या थांबण्याची योग्यता कुठल्याही यशाइतकीच आहे.

आणि जो उपचार खरोखर लागू पडतो, तो अडतो दात्यापाशी. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अर्धवट जुळणाऱ्या आईबापांकडूनही आता पेशी घेता येतात, पण ती वाट जास्त जोखमीची. उरतात अनोळखी दाते. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की झालं. जुळणी निघाली तर पाच दिवस इंजेक्शनं, मग काही तास हाताच्या शिरेत सुई. प्लेटलेट देतात तसंच. मणक्याला कोणी हात लावत नाही. तरी नोंदणी केलेले कितीतरी जण फोन आल्यावर मागे फिरतात, कारण घरचे घाबरतात. म्हणून महाविद्यालयातल्या नोंदणी शिबिराला मुलांच्या बरोबर त्यांच्या आईवडिलांनाही बोलवायला हवं, आणि दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून निघतात हे त्यांना तिथेच, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्यायला हवं.