हिशेब कुणी द्यायचा?

२६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जो हुकूम करवीर संस्थानच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला, त्याचा पहिला भाग आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवाव्यात, असा तो हुकूम होता. त्याच्या शेवटच्या ओळींची आठवण मात्र सहसा कुणी काढत नाही. ज्या कचेऱ्यांत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी, आणि हुकूम निघाल्यानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचे पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला पाठवावे, असे तिथे बजावले आहे. महाराजांनी ज्या कागदावर हक्क दिला, त्याच कागदावर हिशेबही मागितला. आणि तो नोकरी मागायला आलेल्या उमेदवाराकडे न मागता नेमणुकीचा अधिकार ज्याच्या हातात होता त्या अधिकाऱ्याकडे मागितला. महाविद्यालयांत कोण शिकतो, कोण शिकवतो, याची जातवार आणि लिंगवार नोंद ठेवावी की नाही, हा वाद आपल्याकडे सतत धुमसत असतो. वरवर पाहता तो कारकुनी प्रश्न वाटतो. माझ्या मते तो नीतीचा प्रश्न आहे आणि त्याची किल्ली त्या तिमाही पत्रकात आहे.

मोजणीला विरोध करणारे सगळेच ढोंगी असतात असे मी मानत नाही. जात नाहीशी व्हावी असे मनापासून वाटणाऱ्या माणसाला प्रवेश अर्जावरचा जातीचा रकाना खुपतो, आणि तो खुपणे चांगल्या मनाचे लक्षण आहे. माणूस म्हणून सगळे सारखे असतील तर त्यांची प्रवर्गवार यादी कशाला, असे तो विचारतो. या प्रश्नामागे जुनी धर्मपरंपरा उभी आहे. समतेचा विचार आपल्याला कुणी बाहेरून आणून दिलेला नाही. सर्वांच्या ठायी एकच ब्रह्म आहे, हे अद्वैताने फार पूर्वी सांगितले. पंढरीच्या वाळवंटात जातीचा अभिमान गळून पडतो, हे वारकऱ्यांनी गाऊन आणि एकमेकांच्या पाया पडून दाखवले. तरीही चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या देवळाबाहेर, महाद्वारासमोर आहे. त्यांच्यामागे सहाशे वर्षे उलटली, आणि त्यांच्या जातभाईंसाठी देवळाचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. मधल्या शतकांत अभंग म्हणणाऱ्यांची श्रद्धा खोटी होती असे म्हणवत नाही. श्रद्धा खरी होती आणि दारही बंद होते. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकल्या, याचे कारण समता भावाच्या ठिकाणी मानली गेली आणि भावाची झडती घेता येत नाही. आत किती जण गेले आणि उंबऱ्यापाशी किती अडले, हे विचारण्याचा अधिकार कुणालाच नव्हता, आणि विचारले असते तर उत्तर देण्याची जबाबदारीही कुणावर नव्हती. एकच ब्रह्म सर्वांत मानणाऱ्या तत्त्वज्ञानातून समाजाची समता का निपजली नाही, हा बाबासाहेब आंबेडकरांचा सवाल अजून अनुत्तरित आहे.

बाबासाहेबांनी स्वतः हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाची चर्चा चालू असताना त्यांनी आकडे मांडले. इलाख्यातील लोकसंख्येच्या दर दोन लाखांमागे महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी किती? पुढारलेल्या हिंदूंमध्ये १,०००, मुसलमानांमध्ये ५२, मराठा व तत्सम मधल्या वर्गात १४, आणि मागासलेल्या वर्गात जेमतेम एक, तोही असलाच तर. आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. तळ्याची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो, आकड्यांची सांगत नाही. मला ही दोन्ही कृत्ये एकाच जातीची वाटतात. तळे कायद्याने सर्वांना खुले होते. मुंबई विधिमंडळाचा ठराव होता, महाड नगरपालिकेचाही होता. महाविद्यालयाच्या दारावरही अस्पृश्यांना मज्जाव अशी पाटी नव्हती. दोन्हीकडे कागदावर मोकळीक होती आणि प्रत्यक्षात नाकाबंदी. तळ्यावरची नाकाबंदी ओंजळ भरून पाणी प्याल्यावर उघडी पडली. महाविद्यालयातली उघडी पाडायला आकड्यांखेरीज दुसरे साधन नव्हते.

या ठिकाणी थोडे थांबायला हवे, कारण सारा युक्तिवाद इथेच ठरतो. अन्याय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अन्याय करणारा माणूस येतो: दुष्ट, उद्दाम, जातीवरून शिवी देणारा. तसे लोक आहेतच. पण महाविद्यालयांतल्या विषमतेचा मोठा भाग असा आहे की त्यात दोषी म्हणून बोट दाखवावे असा कुणी सापडत नाही. एक निवड समिती बसते, पाच उमेदवारांच्या मुलाखती घेते, त्यातला एक निवडते. त्याचे इंग्रजी सफाईदार होते, त्याचा मार्गदर्शक नामवंत होता, तो ‘विभागात रुळेल’ असे सगळ्यांना वाटले. प्रत्येक कारण सुटे घेतले तर समर्थनीय आहे. सदस्यांनी स्वतःचे मन तपासले तर त्यांना तिथे आकस सापडणार नाही, आणि तसे ते सांगतील तेव्हा ते खोटे बोलत नसतील. पण अशाच वीस निवडी शेजारी-शेजारी मांडल्या आणि विसांतही तेच चारदोन समाज आले, तर जे एका निवडीत दिसत नव्हते ते दिसू लागते. अन्यायाचा हा प्रकार अंतःकरण तपासून हाती लागत नाही, तो बेरजेतच दिसतो. मग ‘आमच्या मनात भेद नाही’ हे उत्तर कितीही प्रामाणिक असले तरी पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य आहे. ज्याच्या हातात निवड आहे त्याने बेरीज करायलाच नकार दिला, तर आपल्या हातून काय घडते आहे ते जाणून घ्यायलाच त्याने नकार दिला, असे म्हणावे लागते. नीतिदृष्ट्या ही तटस्थता नव्हे.

अर्थात बेरीज कशाची करायची हेही कुणीतरी ठरवत असते, आणि तिथे मोठी हातचलाखी होऊ शकते. आरक्षित पदांचा क्रम ठरवणाऱ्या बिंदुनामावलीचे उदाहरण घेऊ. शिक्षकांच्या पदांवर क्रमाने बिंदू पडतात. त्या क्रमात चौथे पद इतर मागासवर्गाचे, सातवे अनुसूचित जातीचे, चौदावे अनुसूचित जमातीचे. संपूर्ण विद्यापीठ हे एकक धरले तर शेकडो पदांत हे बिंदू नियमाने येत राहतात. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हे एकक धरायला सांगितले आणि मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे पत्र काढले. आता ज्या विभागात शिक्षकांची तीनच पदे आहेत त्याचा विचार करा. तिथे तिन्ही पदे भरली तरी चौथा बिंदू येत नाही. चौदा पदांचे विभाग तर फारच थोडे, म्हणजे आदिवासी उमेदवाराची पाळी क्वचितच. आरक्षणाचा एक शब्दही कुणी खोडला नव्हता, टक्केवारी जशीच्या तशी होती. फक्त मोजण्याचे एकक बदलले आणि जागा नाहीशा झाल्या. देशभर रान उठले, तेव्हा २०१९ मध्ये आधी अध्यादेश आणि मग कायदा करून केंद्रीय संस्थांसाठी पूर्ण संस्था हे एकक पुन्हा आणावे लागले. कारकुनी वाटणाऱ्या तपशिलात माणसांचे भवितव्य कसे दडलेले असते, याचा याहून ठसठशीत दाखला मला माहीत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र पुष्कळ बदलले आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. त्यांपैकी २ कोटी ७ लाख मुली, ६६ लाखांवर अनुसूचित जातींचे आणि २७ लाख अनुसूचित जमातींचे. म्हणजे अनुसूचित जातींचा वाटा पंधरा टक्क्यांच्या पुढे गेला. २०११च्या जनगणनेत लोकसंख्येतला त्यांचा वाटा १६.६ टक्के होता. १९२७ मधल्या त्या एका विद्यार्थ्यापासून इथवरचा पल्ला लहान नाही. पण नजर बाकांवरून खुर्चीकडे वळवली की निम्म्याहून जास्त शिक्षक खुल्या प्रवर्गातले दिसतात, आणि आदिवासी शिक्षक अडीच टक्क्यांच्या आसपास. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत असा आग्रह धरला होता, कारण त्या मुलांत मिसळायला जो कचरतो तो त्यांना काय शिकवणार? वर्गात कोण बसते याच्याइतकेच वर्गापुढे कोण उभे राहते हे महत्त्वाचे आहे, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते. महाराष्ट्रात आज आणखी एक पळवाट रुंदावते आहे. कायम पदे वर्षानुवर्षे भरायची नाहीत आणि शिकवण्याचा गाडा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर ओढायचा. साफसफाई तर कंत्राटदाराकडेच दिलेली असते. बिंदुनामावली मंजूर पदांची असते. त्यामुळे झाडू कुणाच्या हातात आहे, हे महाविद्यालयाच्या कोणत्याच पत्रकात उमटत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. जात विचारल्याने जात टिकते, हा पहिला. फ्रान्सने हा विचार टोकाला नेला आहे. तिथे नागरिकांची वंशानुसार नोंद ठेवणे प्रजासत्ताकाच्या तत्त्वाविरुद्ध मानले जाते आणि २००७ मध्ये तिथल्या घटना परिषदेने तशा पाहणीची तरतूद रद्द केली. तत्त्व म्हणून ते उदात्त आहे. पण आपल्याकडे हा प्रयोग आधीच होऊन गेलेला आहे. १९३१ नंतरच्या जनगणनांत अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांची जात मोजणे आपण थांबवले. न मोजल्याने जात विरली असती तर इतक्या दशकांत वधुवर सूचक मंडळांचे फलक बदलले असते. मोजणीने जात निर्माण होत नाही. आडनाव ऐकून पुढचा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला कोणत्याही रकान्याची गरज पडत नाही.

तरीही या आक्षेपात एक खरी वेदना आहे आणि ती मला झटकून टाकता येत नाही. भरलेल्या वर्गात ‘स्कॉलरशिपवाले हात वर करा’ असे म्हणणे, प्रवर्गाच्या रकान्यासकट नावांची यादी भिंतीवर डकवणे, जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत आले नाही म्हणून हातातला प्रवेश काढून घेणे, हेही मोजणीच्याच नावाने चालते. अठरा वर्षांची मुलगी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत गावोगाव हिंडते. तिला पुराव्यानिशी स्वतःला सिद्ध करावे लागते. संस्थेला मात्र गेल्या दहा वर्षांत तिच्या समाजातल्या किती जणांना नोकरीवर घेतले, हे कुणी विचारत नाही. विचारलेच तर माहिती अधिकाराचा अर्ज, मग अपील, मग दुसरे अपील. हिशेबाची दिशा उलटी झाली आहे. शाहू महाराजांनी जे ओझे खातेप्रमुखाच्या खांद्यावर ठेवले होते, ते आपण उमेदवाराच्या डोक्यावर दिले. त्यामुळे जात विचारली जाते म्हणून चिडणाऱ्या विद्यार्थ्याचे मला पटते. त्यावर मोजणी बंद करणे हा उपाय मात्र पटत नाही. ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांना मोजले पाहिजे.

मोजणीचे कर्मकांड होते, हा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पत्रके भरली जातात, समान संधी कक्षाची पाटी लागते आणि आत सगळे पूर्ववत चालते. दिल्लीच्या एम्समधील वागणुकीची चौकशी सुखदेव थोरात समितीने केली आणि २००७ मध्ये अहवाल दिला. तिथे राखीव जागा भरलेल्या होत्या, पण अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटले होते, आणि शिक्षकांच्या दुजाभावाबद्दल अनेकांनी सांगितले. २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचे नियम केले. त्यानंतर २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावे लागले ते त्या दोघांच्या आयांना. यावरून निघणारा निष्कर्ष मोजणीच्या विरोधात जात नाही. आपण सोपे तेवढे मोजले आणि बोचणारे सोडून दिले, एवढेच यातून दिसते. लेखी परीक्षेतले आणि तोंडी परीक्षेतले गुण प्रवर्गवार शेजारी ठेवले तर काय दिसते? पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत कोण पोचते? पीएच.डी.ला मार्गदर्शक मिळायला कुणाला किती महिने लागतात? ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून किती राखीव पदे कितव्यांदा रिकामी ठेवली? एखाद्या महाविद्यालयाने भेदभावाची एकही तक्रार नाही असे कळवले, तर तिथे भेदभाव नाही असे समजायचे की तक्रार करण्याची कुणाची छाती होत नाही असे समजायचे? हे आकडे आज बहुतेक संस्थांच्या कपाटांत विखुरलेले आहेत. ते एकत्र करायला पैसा लागत नाही, धैर्य लागते.

गुणवत्तेच्या आक्षेपावर फार शब्द खर्चण्याची गरज मला वाटत नाही. निवड गुणांवरच होत असेल, तर निवडींची बेरीज जाहीर करायला संस्थेला भीती वाटण्याचे कारण नाही.

खासगीपणाचा प्रश्न मात्र खरा आहे. विभागात कातकरी समाजाचा एकच विद्यार्थी असेल, तर विभागवार आकडा छापणे म्हणजे त्याचे नाव छापणेच. असे आकडे विद्याशाखेच्या पातळीवर किंवा चार-पाच वर्षांचे मिळून द्यावेत. व्यक्तीची नोंद पाहण्याची मुभा शिकवणाऱ्याला आणि गुण देणाऱ्याला असू नये. आरक्षण किंवा शिष्यवृत्ती घ्यायची नसेल तर आपली ओळख न सांगण्याचा हक्क प्रत्येकाला हवा, आणि तो बजावणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ नये. पण असा रकाना रिकामा ठेवणारे किती, हेही संस्थेने दरवर्षी कळवावे. तो आकडा वाढत असेल तर मुले इथे काय लपवू पाहतात आणि कुणापासून, याचा शोध प्राचार्यांनी घ्यायचा आहे.