धर्मकाटा

वणी तालुक्यातले आमचे राजूर हे चुन्याचे आणि कोळशाचे गाव. चुनखडीच्या भट्ट्या आणि कोळशाची खाण यांच्यामुळे देशाच्या निरनिराळ्या भागांतले कामगार येथे आले आणि येथलेच झाले. अशा गावात ट्रक आणि वजनकाटा यांच्याशी प्रत्येकाचा कधी ना कधी संबंध येतो. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला तोलायचा. दोन्हींतला फरक म्हणजे माल. दोन काट्यांची वजने जुळली नाहीत की ड्रायव्हर म्हणतो, "चला, धर्मकाट्यावर."

धर्मकाटा म्हणजे घेणारा आणि देणारा या दोघांपैकी कुणाचाच नसलेला काटा. तेथे कुणी कुणाचा धर्म विचारत नाही, तरीही लोकांनी त्याला हेच नाव दिले. कोणत्याही धर्माच्या माणसाला मान्य व्हावे असे वजन जेथे मिळते, तेथे धर्म आहे, अशी सामान्य माणसाची समजूत त्यामागे असावी. नीतीच्या बाबतीत असा एखादा धर्मकाटा आहे काय? या लेखात आम्ही एवढाच प्रश्न घेतला आहे.

"जमाना बदलला" हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात रोज ऐकू येते. मुलगी कॉलेजात गेली तरी तेच वाक्य, आणि लग्नात मोटारसायकल मागितली तरीही तेच. पण हे दोन्ही बदल एका तोलाचे नाहीत. मुलींना लिहायला शिकवू नये, त्या चिठ्ठ्या लिहितील, असे म्हणणारी माणसे आमच्या लहानपणी होती आणि ती स्वतःला नीतिमान समजत होती. त्यांच्या कितीतरी आधी पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या शाळेच्या कामात फातिमा शेख होत्या. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. जमान्याने नाके मुरडली म्हणून फातिमाबींचे काम हलके झाले नाही. उलट, मेहर देणे वराचे कर्तव्य असताना आपल्या समाजात हुंडा शिरला. १९६१ च्या कायद्याने बंदी घातली तरी तो गेला नाही. जमान्याने मान्यता दिली म्हणून तो हलाल ठरला नाही.

तेव्हा जुने ते सोने म्हणणारा चुकतो आणि नवे ते सोने म्हणणाराही चुकतो. बदल ही घटना आहे, ती माप होऊ शकत नाही.

येथे कुणी विचारेल, की आपल्याकडे किताब असताना हा शोध कशासाठी? किताबीवर आमचाही ईमान आहे. पण किताब वाचतो माणूस, आणि माणसाचा हात तराजूवर असतो. एका दमात तीन तलाक देण्याला फिकहच्या ग्रंथांतच 'बिदअत' म्हटले होते. तरीही, गुनाह आहे पण तलाक लागू होतो, असे शतकानुशतके सांगितले गेले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत याविरुद्ध मोर्चा काढला. दलवाईंची सगळी मते आम्हांला मान्य नाहीत. पण त्या सात जणींचे गाऱ्हाणे खोटे होते असे आज कोण म्हणेल? २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा रद्द ठरवली आणि २०१९ मध्ये कायदाही आला. त्या कायद्यात पतीला तुरुंगाची शिक्षा असावी काय, यावर मतभेद आहेत आणि ते राहतील. आमचा मुद्दा वेगळा आहे. या सर्व काळात किताब तीच होती. निकाल देताना ज्या बाईचा संसार मोडत होता तिला कुणी विचारले नव्हते, एवढेच.

काटा कसा ओळखावा हे मात्र किताबीने स्पष्ट सांगितले आहे. सूरह अल-मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांविषयी आहे. हे लोक कोण? घेताना पुरते मोजून घेतात आणि देताना कमी देतात ते. म्हणजे खोट एका वजनात नाही. घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे, यात ती आहे. हजरत शुऐब यांनी मदयनच्या लोकांना एका अल्लाहची बंदगी सांगितली आणि लगोलग माप-तोल पुरा करायला सांगितले. लोकांनी त्यांना टोमणा मारला, की तुझी नमाज आम्हांला आमच्या मालाचे हवे ते करू देत नाही काय? नमाज मशिदीत आणि व्यवहार बाजारात, ही वाटणी आजची नव्हे, मदयनइतकी जुनी आहे.

आता स्वतःच्या घरातले सांगितले पाहिजे. आमच्या मुलीच्या लग्नात समोरच्यांनी रोख रक्कम मागितली, तेव्हा आम्ही हुंडा कसा हराम आहे यावर बैठकीत अर्धा तास बोललो. चार वर्षांनी मुलाचे लग्न ठरले. मुलीच्या वडिलांनी मोटारसायकल देऊ केली. आम्ही मागितली नव्हती, पण नाहीही म्हटले नाही. घरात म्हणालो, "त्यांनी खुशीने दिली." आमची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "खुशी कोणत्या काट्यावर तोललीस रे बाबा?"

आम्ही काही बोललो नाही. पुढे वर्षभराने कळले की गाडीसाठी त्या गृहस्थांनी व्याजाने पैसे काढले होते. आम्ही रक्कम परत केली, तीही दोन हप्त्यांत. त्यांनी भरलेले व्याज परत करण्याचे आमच्या मनातही आले नाही. ते सुनेने एकदा सहज बोलून दाखवले तेव्हा सुचले. अर्ध्या तासाच्या त्या भाषणातला एक शब्दही खोटा नव्हता. फक्त तो काटा आम्ही घेण्याच्या वेळी वापरला नाही.

हीच गोष्ट समाजालाही लागू आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला आणि मुस्लिमांच्या मागासलेपणाची नोंद सरकारी कागदावर झाली. त्या आधारे आपण न्याय मागतो आणि तो मागितलाच पाहिजे. पण ज्या मापाने आपण सरकारकडे हक मागतो, त्याच मापाने घरातल्या लेकीला वारसाहक्क देतो काय? बिरादरीने खालचा समजल्या गेलेल्या भावाशी सोयरीक करतो काय? अल्पसंख्याक म्हणून आपल्याला जे बोचते, तेच आपल्याहून दुबळ्याला आपण बोचवत असू, तर आपले गाऱ्हाणे खरे असूनही काटा खोटा आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. माप सारखे असले म्हणजे पुरे काय? एखादा निर्दय माणूस सगळ्यांशी सारखाच निर्दयपणे वागेल. त्याला न्यायी म्हणायचे काय? नाही. सारखेपणाबरोबर रहम हवाच. दुष्काळाच्या वर्षी खलिफा हजरत उमर यांनी चोरीची हद्द स्थगित केली होती, असे परंपरा सांगते. भुकेल्याची चोरी आणि भरल्या पोटाची चोरी एका वजनाने तोलणे हा अन्याय झाला असता. नियम थांबवून त्यांनी नियमाचा हेतू राखला.

मापांचेही असेच घडले आहे. आमच्या आजोबांच्या दुकानात शेर आणि अदपाव होते. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि पुढच्या काही वर्षांत किलोने शेराची जागा घेतली. लोखंडी वजने बदलली. मापात मारणे तेव्हाही पाप होते, आजही आहे. खुद्द किलोची गोष्ट तर याहून बोलकी आहे. फ्रान्समध्ये जपून ठेवलेला धातूचा एक दंडगोल १८८९ पासून जगाचा किलो होता. पण त्याच्या अधिकृत प्रतींशी ताडून पाहता शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले. अखेर २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या निसर्गातल्या एका स्थिरांकावर बसवली गेली. वाण्याच्या दुकानातली साखर त्या दिवशी कमी झाली नाही की वाढली नाही. किलो टिकावा म्हणून व्याख्या बदलली. शरीअतचे हेतू सांगणाऱ्या इमाम गजाली आणि शातिबी यांच्या परंपरेत इज्तिहादचे काम याहून वेगळे नाही.

आणखी एक. कोणताही काटा स्वतःला शिक्का मारू शकत नाही. ठरावीक मुदतीने बाहेरचा माणूस प्रमाणित वजने घेऊन येतो आणि तपासतो. आपल्या जमिराचेही तसेच आहे. त्याची तपासणी कुणी करायची? ज्याला आपल्या वागण्याची झळ लागते त्याने. पैगंबरीच्या आधी मक्केत येमेनहून आलेल्या एका परक्या व्यापाऱ्याचा माल घेऊन पैसे बुडवले गेले, तेव्हा काही कुरैशांनी पीडितांच्या बाजूने उभे राहण्याची शपथ घेतली. तिला हिल्फुल फुजूल म्हणतात. हजरत मुहम्मद (स.) त्या शपथेत सामील होते, आणि इस्लाम आल्यावरही तशा कराराला बोलावले तर आपण जाऊ, असे ते म्हणाल्याचे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. करार करणारे तेव्हा मुसलमान नव्हते. पण काटा खरा होता.

टिकाऊ मार्गदर्शक शोधायचा तो येथे, असे आम्हांला वाटते. घेताना आणि देताना माप एकच ठेवावे, पारड्यात रहम असावा, आणि तपासणीसाठी आपल्याहून दुबळ्याला बोलवावे. आमच्या घरात हे काम आधी आईने केले, आता सून करते. तिच्या मुलीचे, म्हणजे आमच्या नातीचे, लग्न अजून लांब आहे. पण नातवाचेही व्हायचे आहे, आणि तेव्हा बैठकीत आम्ही काय बोलतो, की गप्प बसतो, हे ती पाहणार आहे.