नवा जोडा

आपल्या भाषेत वहाण चावते. दात नसलेली वस्तू चावते असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो की त्यातली गंमत कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यातून ती चावते ती नवी असतानाच. मग तिला तेल पाजावे, रोज घरातल्या घरात चार पावले चालावे, म्हणजे पंधरवड्यात ती माणसाळते. कोल्हापुरी वहाण घेणाऱ्या प्रत्येकाला हा विधी ठाऊक असतो, आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडचा त्याचा मंत्रही: "सवय होईल!"

या दोन शब्दांविषयी मला थोडे लिहायचे आहे. पण वहाणेच्या निमित्ताने नव्हे. वहाण बिचारी गरीब. तिचा पट्टा सैल पडतो, चामडे नमते. ज्या जोड्याने मला विचारात पाडले तो चांगलाच मानी होता, आणि त्याची माझी गाठ पडली ती कॅनडात.

माझी धाकटी बहीण टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहते. तिचा तेरा वर्षांचा मुलगा आइस हॉकी खेळतो. तिकडे यात नवल काहीच नाही. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये छपराखालचा पहिला रीतसर सामना झाला. तेव्हापासून हा खेळ तिथल्या हिवाळ्यात मुरत गेला आहे. मी गेलो त्या डिसेंबरात भाच्याला नवी स्केट्स आणली होती. जुन्या स्केट्सवर वाऱ्यासारखा धावणारा हा पोरगा नव्या जोड्यावर उभा राहिला आणि तिसऱ्याच पावलाला पालथा पडला. मला वाटले, जोडाच सदोष असावा. पण प्रकार निराळा होता.

स्केट म्हणजे बूट आणि त्याखाली पोलादी पाते. पात्याची जाडी सुमारे ३ मिलिमीटर. त्याच्या तळाला लांबीभर एक बारीक पन्हळ घासून काढलेली असते, त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा येतात. पन्हळ खोल असली तर धार बर्फात रुतते. वळायला, थांबायला सोपे, पण गती कमी. उथळ असली तर घसरायला मोकळीक, पण पकड जाते. शिवाय पाते तळाशी सरळ नसते, होडीच्या बुडासारखे किंचित गोलवट असते, म्हणून एका वेळी त्याचा थोडासाच भाग बर्फाला टेकतो आणि तेवढ्यावर माणसाचा सारा तोल. वर्षभर धार लावून लावून हा गोलवा बदलत जातो, आणि अंगाला त्या बदललेल्या पात्याची सवय होते. नवे पाते पूर्ण गोलव्याचे आले की अंग जुन्या हिशेबाने झुकते आणि माणूस नाकावर पडतो.

बुटाचेही तसेच. नवा बूट घोट्याच्या वरपर्यंत कवचासारखा ताठ. भाच्याचा पाय आतल्या बाजूला कलत असे. जुन्या बुटाने ती खोड पोटात घातली होती, स्वतःही तिच्याबरोबर कलला होता. आपल्याला अत्यंत सुखाची वाटणारी जुनी माणसे, जुनी घरे, जुन्या नोकऱ्या यांतली निम्मी अशीच असतात, असे मला वाटते. त्यांनी आपले व्यंग झाकलेले असते. नवे आले की ते उघडे पडते, आणि आपण नव्याला नावे ठेवतो.

इथवर "सवय होईल" हा सल्ला अगदी योग्य होता. पहिल्या आठवड्यात मुलाचा तळवा भरून येई, मेहुणे म्हणाले, "सवय होईल." दुसऱ्या आठवड्यात घोट्याच्या आतल्या हाडावर तांबडा डाग दिसू लागला, तेव्हाही ते तेच म्हणाले. मुलांना शिकवणारे एक वयस्क गृहस्थ रिंकच्या कडेला असत. त्यांनी मात्र त्याला बाकावर बसवले आणि विचारले, "कुठे दुखते ते बोटाने दाखव." मुलाने तळव्यावर सगळा पंजा फिरवला. "हे जाईल. पाय शिकतो आहे." मग मुलाने घोट्यावर एकच बोट ठेवले. म्हातारबुवांनी मान हलवली. "हे जाणार नाही. हा दोष बुटाचा."

मी मास्तर आहे, त्यामुळे ही परीक्षा मला फार आवडली. काही दुखणे पंजाएवढे पसरलेले असते आणि काही बोटाच्या टोकाएवढे. पहिले स्नायूंचे, शिकले की शमते. दुसरे हाडाचे, आणि हाड नमत नाही. उलट वर्षानुवर्षे टाच ताठ बुटावर घासली की तिथे हाडाला चक्क टेंगूळ येते. बर्फावरच्या कित्येक खेळाडूंच्या टाचांवर ते दिसते. माणूस म्हणतो मला सवय झाली, आणि हाड आत आपला निषेध रचीत बसलेले असते.

यावर कोणी म्हणेल, मोठमोठे खेळाडू असले लाड करीत नाहीत. खरे आहे. बोस्टनचा बॉबी ऑर स्केट्समध्ये मोजेसुद्धा घालीत नसे. पॉल कॉफी तर मापापेक्षा लहान स्केट्स वापरण्याबद्दल प्रसिद्ध होता. पण तो काच त्यांनी निवडलेला होता, आणि वाटेल तेव्हा दुसरा जोडा मागवण्याची त्यांना मुभा होती. लडाखच्या मुलींची गोष्ट वेगळी. उसन्या, कोणाच्या तरी पायातून उतरलेल्या स्केट्सवर गोठलेल्या तळ्यांत त्यांच्यापैकी अनेक जणी हा खेळ शिकल्या. २०१६ साली भारतीय महिलांचा संघ तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला. २०२५ मध्ये अल ऐन येथे आशिया चषकात त्याने कांस्यपदक मिळवले, आणि त्या संघात बहुतेक जणी लडाखच्या होत्या. लगेच आपल्याकडे, पाहा, साधनांवाचून कसे यश मिळते, अशी व्याख्याने देणारे निघाले. मला ती ऐकवत नाहीत. पदक त्या मुलींचे आहे, बेमापाच्या बुटांचे नव्हे. दुसऱ्याच्या फोडांचे कौतुक करणाऱ्याचे स्वतःचे जोडे बहुधा मऊ असतात!

आणि "जोडा" म्हटले की मराठी माणसाला दुसराही अर्थ आठवतोच. माझ्या आत्याचे लग्न झाले तेव्हा रिवाजाप्रमाणे ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. सासरी चार दीर, दोन वन्सं, मामंजींचा जमदग्नीचा अवतार. त्या साऱ्याची तिला सवय झाली. वर्षभरात ती वीस माणसांचा स्वयंपाक हसत करू लागली. हे दुखणे पंजाचे होते. पण त्या नव्या नावाने हाक मारली की ती एक क्षण उशिरा वळे. चाळीस वर्षे तो एक क्षण कधी कमी झाला नाही. सासरी सर्वांचा समज, आत्याला थोडे कमी ऐकू येते. भाऊबिजेला ती आमच्याकडे येई. माझे वडील ओसरीवरून अगदी हळू आवाजात तिला माहेरच्या नावाने हाक मारीत, आणि परसातल्या विहिरीपासून "ओ" येई, हाक संपायच्या आत. बोट कुठे ठेवायचे ते तिला ठाऊक असणार. पण बाकावर बसवून तिला कोणी विचारले नाही, आणि न विचारता सांगायची तिच्या पिढीला रीत नव्हती.

जूनमध्ये खेड्यांतून आमच्या वसतिगृहात मुले येतात तेव्हा मला हे हटकून आठवते. भूमिती चावते म्हणून मी कोणाला सोडीत नाही. ती सवयीनेच जमते. पण एखादे पोर रोज रात्री एकाच गोष्टीसाठी रडत असेल, तर त्याला भूमितीचाच न्याय लावायचा की वसतिगृहाच्या नियमाला हात घालायचा, हा प्रश्न दरवर्षी नव्याने सोडवावा लागतो. त्याचे उत्तर मागच्या वर्षीच्या वहीत सापडत नाही.

भाच्याचा बूट मेहुण्यांनी अखेर दुकानात नेला. दुकानदाराने घोट्याच्या जागी खडूने खूण केली, बूट भट्टीत तापवला आणि तेवढाच भाग यंत्राने दाबून बाहेर फुगवला. ऊब लागली की तो ताठ बूटही नमतो, हे मला तिथे कळले. मग मुलाने पाय घालून, नाड्या आवळून, बूट निवेपर्यंत न हलता बसायचे. तेरा वर्षांच्या मुलाला सर्वांत कठीण गेले ते हेच. तळवा मात्र पुढेही दोन आठवडे दुखत होता आणि त्याबद्दल कोणी काही केले नाही.

परवा बहिणीचा फोन आला होता. मुलगा वीतभर वाढला आहे, जोडा लहान होऊ लागला आहे, आणि या हिवाळ्यात पुन्हा नवा घ्यावा लागणार म्हणून मेहुणे कुरकुरत आहेत.