दोषाचे ठिकाण

आपल्या भाषेने दोष या एकाच शब्दावर दोन कामे सोपविली आहेत. यंत्रात बिघाड झाला तर तो दोष. मनुष्याच्या हातून अपराध घडला तर तोही दोषच. यामुळेच की काय, बिघाड कोठे आहे हे शोधू लागलेला मनुष्य अपराधी कोण हे केव्हा शोधू लागतो, ते त्याचे त्यासही उमगत नाही.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व उपनगरे यांतील वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. घाटकोपरास आमच्या इमारतीत मात्र पहिली पंधरा मिनिटे सर्वांस खात्री होती की, हा आदल्या दिवशी जिन्यातील दिव्याचे काम करून गेलेल्या वायरमनचाच प्रताप होय. मीही त्या बोलण्यास मान डोलाविली. मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथेही हीच स्थिती असल्याचे कळले, तेव्हा मंडळी पांगली. पडघे व कळवा यांमधील 400 किलोव्होल्टच्या एका मार्गाची दुरुस्ती चालू असता दुसऱ्या मार्गात बिघाड झाला, असे पुढे राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितले. वायरमनवरील ठपका मात्र कोणी मागे घेतला नाही.

अशा वाहिन्यांवरील दोषस्थान शोधण्याची एक रीत आज प्रचारात आहे. तार तुटली किंवा झाडाची फांदी तारेस भिडली की, त्या ठिकाणापासून विद्युत्-लहरी दोन्ही दिशांस धावू लागतात. उघड्या तारेवर त्यांचा वेग जवळजवळ प्रकाशाइतका, म्हणजे एका मायक्रोसेकंदात सुमारे 300 मीटर असतो. दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांत त्या कोणत्या क्षणी पोहोचल्या याची नोंद होते. तेथील घड्याळे उपग्रहांकडून येणाऱ्या वेळेशी जुळविलेली असतात. समजा, वाहिनी 60 किलोमीटर लांब आहे आणि एका टोकास लहर दुसऱ्यापेक्षा 100 मायक्रोसेकंद आधी पोहोचली. तेवढ्या वेळात लहर 30 किलोमीटर जाते. 60 मधून 30 वजा करून निम्मे केले की, दोषस्थान पहिल्या टोकापासून 15 किलोमीटरवर निघते. दोन घड्याळांत एका मायक्रोसेकंदाची तफावत पडली तरी उत्तर 150 मीटरांनी चुकते.

एकाच टोकावर बसूनही हे गणित मांडता येते. आलेली लहर उपकेंद्रावरून उलटून दोषस्थानाकडे जाते व तेथून पुन्हा माघारी येते; त्या दोन आगमनांमधील काळावरून अंतर काढतात. परंतु पलीकडच्या टोकावरून उलटलेली लहरही त्याच तारेने येत असते, आणि दोषस्थानाहून आलेली कोणती व दूरचा नुसता पडसाद कोणता, हे ओळखणे कित्येकदा कठीण पडते. आमच्या जिन्यावरील न्यायसभा अशीच एकटोकी होती. एकाने शंका काढली, दुसऱ्याने तीच उच्चारली, आणि तिसऱ्यास तो स्वतंत्र पुरावा वाटला.

यावर कोणी म्हणेल, मग हयगय करणाऱ्यास जाब विचारूच नये काय? अवश्य विचारावा. परंतु लहर सांगते ते केवळ 'कोठे'. 'कशाने' हे कळण्यास कोणी तरी त्या मनोऱ्यापर्यंत जाऊन चिनीमातीचा विरोधक फुटला की फांदी घासली, हे डोळ्यांनी पाहावे लागते. आणि 'कोणामुळे' हा प्रश्न त्याही पुढचा. याच घटनेविषयी मार्च 2021 मध्ये राज्याचे गृहमंत्री संगणकीय घातपाताचा संशय बोलून दाखवीत होते, तर केंद्रीय ऊर्जामंत्री मानवी चुकीकडे बोट दाखवीत होते. साधनसंपन्न सरकारांचेही जेथे पाच महिन्यांनी एकमत होत नव्हते, तेथे आम्ही तिन्ही प्रश्न पंधरा मिनिटांत निकालात काढले होते.

काही दिवसांनी तो वायरमन पुन्हा आमच्याकडे आला. आपल्यावर खटला चालला होता, याची त्यास वार्ताही नव्हती. मी त्यास चहा विचारला. क्षमा मागितली नाही. ज्याचे म्हणणे न ऐकताच त्यास दोषी ठरविले, आणि ज्यास ते कधी कळलेही नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? मला या प्रश्नाचे उत्तर होय असेच द्यावे लागते. आणि माझे ते देणे अद्यापि फिटलेले नाही.