ओट्यावरचा दिवा

लालबागच्या एका जुन्या चाळीमागे आप्पांची चार खोल्यांची बैठी इमारत. एका खोलीत आप्पा, बाकीच्या तिन्हींत भाडेकरू. बेस्टचा विजेचा मीटर एकच, आप्पांच्या नावावर. भाडेकरूंच्या दारांवर आप्पांनी स्वतः बसवलेले सबमीटर. एक तारखेला आप्पा चष्मा पुसत आकडे टिपायचे आणि युनिटमागे आपल्या दराने पैसे घ्यायचे. बिल कोणीच कधी पाहिलं नव्हतं.

आप्पांच्या ओट्यावर मात्र एक दिवा रात्रंदिवस जळायचा. "आप्पांचं मन मोठं," येणारे-जाणारे म्हणायचे.

मे महिन्यात, केईएम रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या भाडेकरू सिस्टरने विचारलं, "आप्पा, एकदा बिल दाखवता का? पंचाण्णव युनिटांना एवढे पैसे कसे होतात?"

"बिल माझ्या नावावर येतं. परवडत नसेल तर मेणबत्ती लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्युटीवरून येऊन आडवी झाली आणि पंखा थांबला. तिच्या खोलीचा फ्यूज आप्पांच्या खिशात होता. शेजारच्या दोघांनी दारं लोटून घेतली. त्यांचे पंखे चालू होते.

सिस्टर पुढच्या चाळीत रीडरकाकांकडे गेली. काका बेस्टचे निवृत्त मीटर रीडर. ते सदरा चढवून निघाले आणि आप्पांच्या ओट्यावर येऊन बसले.

"आप्पा, आधी फ्यूज लाव. सबळ कारणाशिवाय भाडेकरूची वीज तोडायला 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला मनाई आहे. अरे, थकबाकीदाराची वीज तोडायची तर बेस्टलासुद्धा पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तू बेस्टपेक्षा मोठा?"

आप्पांनी फ्यूज लावला. काकांनी हात पुढे केला, तसं कुरकुरत बिलही आणलं. 380 युनिट.

"हा जिना बघ," काकांनी समोरच्या चाळीकडे बोट दाखवलं. "घरगुती विजेचा दर असाच चढतो. पहिली शंभर युनिटं पहिल्या मजल्यावर, तीनशेपर्यंतची दुसऱ्या, पाचशेपर्यंतची तिसऱ्या. मजला चढला की दर चढला. तुम्ही चौघं पंचाण्णववाले, म्हणजे सगळे पहिल्या मजल्याचे. पण एका मीटरवर चार संसार बसवले, आणि ऐंशी युनिटं तिसऱ्या मजल्यावर गेली."

"मग यात माझा काय दोष?" आप्पा म्हणाले.

"तू तिघांकडून प्रत्येक युनिटला तिसऱ्या मजल्याचाच दर घेतलास. वर उरलं त्यात तुझं घर उजळलं, आणि हा दिवाही. वीज 1947 पासून महापालिकेच्या बेस्टची. तू नुसती वायर ओढलीस. परवान्याशिवाय वीज विकायचा धंदा करता येत नाही, आप्पा."

मग ते सिस्टरकडे वळले. "भाडेपावती आहे ना? 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे मालकच नव्हे, राहणाराही जोडणी मागू शकतो. अर्ज पूर्ण असला की महिन्याभरात वीज द्यायची असते. स्थिर आकार प्रत्येक मीटरला वेगळा पडेल, तोही हिशोबात धर. अडलं तर तक्रार निवारण मंच आहे."

मघाशी लोटलेली दोन दारं हळूच उघडली. दोघांच्याही हातात भाडेपावत्या होत्या. सिस्टरने काही न बोलता दोघांना जवळ बसायला जागा दिली. तिन्ही अर्ज एकाच पेनाने लिहिले गेले.

नवे मीटर लागले. पुढच्या महिन्यात आप्पांना कितीतरी वर्षांनी स्वतःच्या खिशातून बिल भरावं लागलं. त्याच दुपारी ते बाहेर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि ओट्यावरचा दिवा बंद केला.

तात्पर्य: दात्याच्या दिव्याला हात जोडण्याआधी, त्यात तेल कोणाचं जळतंय ते विचारावं.