चामड्याचे जॅकेट



संत पौलाला खेळाची चांगली जाण असावी, असे त्याची पत्रे वाचताना वाटते. धावण्याची शर्यत, मुष्टियुद्ध, विजेत्याचा मुगुट ही उदाहरणे तो सहज देतो. तीमथ्याला तो आठवण करून देतो की खेळाडू कितीही चपळ असला तरी नियम मोडणाऱ्याच्या डोक्यावर मुगुट चढत नाही (2 तीमथ्य 2:5). आज आपण या वचनाच्या प्रकाशात क्रिकेटमधील एका दुःखद घटनेचे चिंतन करू या.

हॅन्सी क्रोनिए हा दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार. श्रद्धावंत ख्रिस्ती म्हणून त्याचा लौकिक होता. जानेवारी 2000 मध्ये सेंच्युरियन येथील इंग्लंडविरुद्धच्या कसोटीचे तीन दिवस पावसाने वाया गेले. तेव्हा दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून सामना निकाली करावा, असे त्याने सुचवले. इंग्लंड जिंकले. अनेकांनी त्याच्या दिलदारपणाचे कौतुक केले. पुढे उघड झाले की यामागे एक सट्टेबाज होता आणि त्याच्याकडून कर्णधाराला काही पैसे व एक चामड्याचे जॅकेट मिळाले होते.

त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या नागपूरला एकदिवसीय सामना होता. हर्शेल गिब्जने 20 पेक्षा कमी धावा कराव्यात, म्हणजे त्याला 15,000 डॉलर मिळतील, असे कर्णधारानेच त्याला सांगितले. हेन्री विल्यम्सला वाईट गोलंदाजी करण्यास सांगितले. दोघांनी होकार दिला. प्रत्यक्षात गिब्जने 74 धावा काढल्या, विल्यम्स दुखापतीमुळे मैदानाबाहेर गेला. पैसे कोणालाच मिळाले नाहीत, तरी दोघांवर सहा महिन्यांची बंदी आली. एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी क्रोनिएचे बुकीशी झालेले फोनवरील संभाषण उघड केले. ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली. 1 जून 2002 रोजी विमान अपघातात त्याचा अंत झाला. तो अवघा 32 वर्षांचा होता.

त्याचा न्याय करणे आपले काम नाही. तो देवाच्या हाती आहे. पण प्रार्थना करणारा माणूस इथवर कसा पोहोचला, हे आपण समजून घ्यायला हवे. डिसेंबर 1996 मध्ये मुंबईतील सामन्यापूर्वी, पैसे घेऊन हरण्याचा प्रस्ताव त्याने संघाच्या बैठकीत मांडला होता. खेळाडूंनी तो नाकारला, ही चांगली गोष्ट. परंतु त्यावेळी कारवाई कोणावरच झाली नाही. मोह नाकारला गेला, पण दार उघडेच राहिले. त्याच दाराने सुमारे सव्वातीन वर्षांनंतर तो कर्णधार आपल्या हाताखालच्या दोन खेळाडूंकडे गेला. लहानांना अडखळण करणाऱ्याविषयी प्रभू येशू किती कठोर बोलला, ते आपणांस ठाऊक आहे (मत्तय 18:6).

यहूदाचेही तसेच झाले. तीस नाण्यांच्या आधी तो शिष्यांच्या थैलीतील थोडेथोडे घेत होता, असे संत योहान सांगतो (योहान 12:6). मोठा सौदा लहान सवयीच्या पाठीवर बसून येतो.

म्हणूनच आज क्रिकेटमध्ये एक शहाणपणाचा नियम आहे. कोणी लाच देऊ केली तर नुसते 'नाही' म्हणून भागत नाही. ते भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्यांना ताबडतोब सांगावे लागते. न सांगणे हाच गुन्हा ठरतो. बांगलादेशच्या शाकिब अल हसनवर पैसे घेतल्याचा आरोप नव्हता. बुकीने साधलेला संपर्क त्याने कळवला नाही, म्हणून ऑक्टोबर 2019 मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्यांतील एक वर्ष स्थगित होते. पाप अंधारात वाढते, उजेडात आणले की त्याचे बळ सरते, हे ख्रिस्तसभा आपल्याला प्रायश्चित्त संस्कारातून शिकवत आली आहे.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न मोठ्या मैदानांपुरता नाही. मे महिन्यात वाडीवाडीत स्पर्धा भरतात. वयोगटात बसावे म्हणून मुलाची जन्मतारीख बदलली जाते का? ओळखीचा पंच आहे म्हणून आपण खूश होतो का? सामना पाहताना दहा-वीस रुपयांची पैज लावण्यात आपल्या तरुणांना काही वाटेनासे झाले आहे का? बुकीची थैली अशाच पैशांनी भरते आणि त्याच थैलीतून खेळाडूंना लाच दिली जाते.

पालकांनो, मुलगा हरून घरी आला तर त्याला आधी जेवायला वाढा. "किती धावा काढल्यास?" हे मागाहून विचारा. नियमाने खेळून हरलेल्या मुलाला घरात मान मिळाला, तर त्याला विकत घेणे कोणालाही सोपे जाणार नाही. आणि कोणी काही देऊ केले तर ते न घाबरता आईवडिलांना, प्रशिक्षकाला किंवा धर्मगुरूंना सांगता येईल, एवढा विश्वास त्याच्या मनात निर्माण करा.

या रविवारी मिस्साबलिदानात आपण आपल्या खेळाडू मुलामुलींसाठी विशेष प्रार्थना करू या. लहान गोष्टीत विश्वासू राहण्याची कृपा प्रभू त्यांना आणि आपल्या सर्वांना देवो. आमेन.